टिरोलच्या दाढीवाल्या तरुणाचा लिफाफा

ती. वाल्बुर्गाताईस, मुक्काम लिंझ,

धाकट्या एगोनचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तो उभ्यानेच घालतोय, पण साष्टांगच समजावा.) तुझे गुडघे कसे आहेत? जिन्याचा कठडा धरून उतरतेस ना? माझी तब्येत ठणठणीत आहे. रक्तदाब तेवढा मंगळवारपासून वर आहे आणि त्याला जबाबदार तू आहेस, पण ते ओघाने येईलच.

जर्मन भाषेतल्या नवोदित लेखकांसाठी आमच्या गावात जी कथास्पर्धा होते तिचा मी सतरा वर्षं परीक्षक आहे, हे तुला ठाऊक आहेच. (दर नाताळच्या कार्डात मी ते लिहितो.) आमच्याकडे कथेवर लेखकाचं नाव नसतं. वर फक्त एक खुणेचा शब्द, आणि सोबत तोच शब्द लिहिलेला बंद लिफाफा. नाव-पत्ता त्या लिफाफ्यात. आधी निकाल, मग लिफाफा. म्हणजे सगळी भिस्त परीक्षकाच्या नाकावर, आणि माझं नाक कसं आहे ते मी आपल्या तोंडाने काय सांगू! तीन वाक्यं वाचली की लेखकाचं वय, गाव आणि तो कॉफीत दूध घालतो की नाही हे मी सांगतो. एकदाच जरा चुकलं. बर्नचा विद्यार्थी म्हणून सांगितलेला लेखक निघाला वनखात्यातली निवृत्त विधवा. पण तिलाही ते ऐकून बरंच वाटलं.

यंदा दोनशे बारा कथा आल्या. परीक्षक आम्ही तिघं. एक मी. दुसऱ्या झ्युरिकच्या समीक्षक रेगुला त्सुमब्युल, ज्या हळू बोलतात आणि तसूभर मागे हटत नाहीत. तिसरे कीलचे प्राध्यापक हिनरिक्स. त्यांना नेहमी दोन्ही बाजूंत तथ्य दिसतं, आणि दोन्ही बाजूंचं ऐकेपर्यंत ते केक खातात. शेवटच्या फेरीत दोन कथा उरल्या. एक बोलक्या फ्रीजची. दुसरीच्या खुणेचा शब्द होता ‘जर्दाळू’. तिचं पहिलं पान संपायच्या आत मी जाहीर करून टाकलं, की लेखक सव्वीस वर्षांचा, टिरोलचा, दाढीवाला आणि घरच्यांवर चिडलेला आहे.

गोष्ट अशी. (ती तुला ठाऊक नाही असं तूर्त आपण दोघंही धरून चालू.) एका गिरणीवाल्याची मुलगी सहा वर्षं अंथरुणाला खिळलेल्या बापाचं सगळं करते. बाप जातो. दफन झाल्यावर मंडळी खाणावळीत जेवायला जमतात, टेबलावर वाफाळतं सूप येतं आणि शहरातला नोटरी भाऊ भाषणाला उभा राहतो. तो चाळीस मिनिटं बोलतो. सुपातले गोळे गार होतात, चमचा उचलायची कोणाची छाती होत नाही, आणि त्या चाळीस मिनिटांत बहिणीचं नाव एकदाही येत नाही.

मी या कथेला दोन तास कडाडून विरोध केला. म्हटलं, असा भाऊ जगात नसतो! लेखकाने त्याच्यात नुसती हवा भरली आहे. समोर सूप गार होतंय आणि माणसाला पत्ता नाही, हे कोणी मानेल का? त्सुमब्युलबाईंनी शांतपणे विचारलं, “खरंच नसतो का हो असा माणूस?” मग तो का असू शकत नाही हे मी त्यांना मुद्देसूद समजावून सांगितलं. माझं संपेपर्यंत तिघांची कॉफी गार झाली होती. (हे त्यांनीच नंतर दाखवून दिलं.) बैठकीच्या इतिवृत्तात हे सगळं आलंय, ‘हवा’सकट.

मतं पडली, दोन विरुद्ध एक. आमच्यात रिवाज असा, की ज्याचं मत हरलं त्यानेच लिफाफा फोडायचा, म्हणजे मनात अढी राहत नाही. मी फोडला. फोडता फोडता म्हणालोसुद्धा, “बघा, टिरोलातलं, इन्सब्रुकच्या आसपासचंच पोरगं निघणार.” आत चिठ्ठी होती: वाल्बुर्गा स्टाडलर, जन्म १९५१, लिंझ.

ताई, चिठ्ठी मी दोनदा वाचली, मग आत आणखी एखादी निघते का म्हणून लिफाफा झटकून पाहिला. हिनरिक्सांचा केकचा घास तोंडातच राहिला. त्यांनी विचारलं, “ओळखीच्या आहेत?”

म्हटलं, “थोड्याशा.”

“थोड्याशा म्हणजे?”

“सख्ख्या.”

आता पंचाईत ऐक. ज्याचं एकही पुस्तक निघालेलं नाही तो नवोदित, वयाची अट नाही, हा नियम मी केलेला. (मन मोठं ठेवायचं म्हणून.) परीक्षकाच्या नातेवाइकांना बंदी, हा नियमही मीच केलेला. बाई म्हणाल्या, दोनच वाटा आहेत. एक तर तुझी कथा बाद, आणि पहिल्या बक्षिसाचं पुस्तक निघणार त्या फ्रीजवाल्याचं. नाहीतर मी अगदी पहिल्या बैठकीपासून परीक्षक नव्हतोच असा राजीनामा द्यायचा, मग उरलेल्या दोन मतांवर तू पहिली. पक्षपाताचा संशय कोणी घेणार नाही, इतिवृत्त वाचलं की पुरे, असंही त्या वर म्हणाल्या. शुक्रवारपर्यंत मी ठरवायचं आहे.

मी अगदी शांत आहे. माझ्याशिवाय ही स्पर्धा एक वर्षही चालायची नाही, हे मी अभिमानाने नाही, माहिती म्हणून सांगतो. तेव्हा नीट विचार करून एक तोडगा काढलाय, तो खाली वाच.

तुझा धाकटा भाऊ,
एगोन
(परीक्षक)

ता. क. सोबतच्या कागदावर निळ्या शाईने सही करून पाठव. त्यात एवढंच आहे, की गेली नऊ वर्षं तुझा-माझा कसलाही संबंध नाही. म्हणजे तूही राहशील आणि मीही राहीन. हे खोटंही नाही. बाबा गेले त्या दिवसानंतर कार्डांखेरीज आपल्यात आहे काय?

ता. क. २. तो कागद फाडून टाक. आत्ताच वाचून पाहिला, वाचवेना. राजीनामा मी सकाळीच टपालात टाकून आलो, हे पत्र सुरू करायच्या आधीच. मी खुर्ची सहजासहजी सोडली असं तुला वाटू नये, म्हणून एवढं लांबण लावलं.

ता. क. ३. मी परीक्षक आहे हे तुला पक्कं माहीत होतं. कथा बाद होईल हेही माहीत होतं, तरी पाठवलीस. दोनदा तू मला कथा वाचायला दिल्या होत्यास, आणि दुसऱ्या पानापर्यंतचे स्वल्पविराम दुरुस्त करून मी त्या परत धाडल्या होत्या. शेवटपर्यंत वाचायला मला भाग पाडायचं, तर ही एकच वाट होती. वाचली, ताई. आज परत वाचली. सहा वर्षं बाबांचं तू केलंस आणि मी तुझं नावसुद्धा घेतलं नाही. चुकलं माझं.

फक्त एका मुद्द्यावर मी अजून ठाम आहे. शेवटी तो नोटरी बहिणीच्या दारापर्यंत येतो, बेलवर बोट ठेवतो आणि न वाजवताच परत जातो. हा शेवट चूक आहे. रविवारी तीनच्या सुमाराला बेल वाजेल. उघडशील ना?