सव्वातीनचं घड्याळ

लंडन, ९ नोव्हेंबर १८८२

लाडक्या आई,

मी मजेत आहे, खोकलाही गेला. तुझे गुडघे कसे आहेत गं?

शवपेट्या करणाऱ्या पिल्बीमच्या खुनाचा छडा लावायला मी त्याच्याच घरी मोलकरीण बनून राहिलेय. बायको म्हणते, "मला सहाला प्रेत दिसलं." पण आपल्यात माणूस गेला की त्याच क्षणी घड्याळ बंद करतात ना? तिने सवयीने केलं, सव्वातीनलाच!

हे पत्र टाकून तशीच पोलिसांकडे जाते. काळजी करू नकोस, बाई फार गोड बोलते. मघाशी मी घड्याळ पुसत होते, तर मागे येऊन म्हणाली, "लेटी, तुझी उंची किती गं?"

तेव्हापासून खाली करवत चालू आहे.

निघायच्या घाईतली,
तुझी लेटी