ताईला शोभेल असा लॅपटॉप

३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

हाताने लिहिलेलं पत्र बघून हसशील. पण करणार काय? फोनवरचं तुझं बोलणं मला हल्ली कळत नाही, यंत्र कानात घातलं तरी नुसती घरघर येते. आणि ज्याच्यावरून तुला लिहायचे तो लॅपटॉप परवा गेला. आधी ल आणि ळ ची कळ मेली. औषधांच्या माहितीपत्रकांचा अनुवाद करणाऱ्या बाईकडे ळ नसेल तर तिने रुग्णाला गोळ्या द्यायच्या कशा? एकेक ळ दुसरीकडून उचलून चिकटवत होते. मग बिजागरी निखळली, आणि परवा पडदा काळा झाला तो झालाच.

आई बरी आहे. दिवसभर तुझी वाट बघते, आणि आंघोळीला उचलून न्यायची वेळ झाली की माझी. नवा लॅपटॉप तूच निवडावास असं तिचं म्हणणं. मागचा मी एकटीने आणला तो कुणाचा तरी वापरलेला निघाला, हे ती अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. मला फार काही नको. कळा मोठ्या हव्यात, पडदा चमकणारा नको, आणि ऑनलाइन बैठकीत बोललेलं पडद्याखाली अक्षरांत उमटलं की झालं. आमच्या संपादकबाई भल्या आहेत, पण त्या तरी किती थांबतील? लवकर कळव.

माया आहेच, ती राहू दे.
तुझी,
ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र हिने जेवताना सगळ्यांना वाचून दाखवलं. त्या गोळ्यांवर आम्ही पोट धरून हसलो. एक मात्र लक्षात ठेव, मला विचारल्याशिवाय काही घेऊ नकोस. दुकानदार बोलणार एक, तू ऐकणार दुसरं, आणि घरी येणार तिसरंच.

मी तीन-चार पाहिले. एक तापतो, एक उचलताना खांदा निखळेल, एकाची बॅटरी दुपारीच मान टाकते. लॅपटॉप बघणं म्हणजे स्थळ बघणं, घाई केली की जन्माची अद्दल. आणि तू तर त्या बाबतीत कधी घाई केली नाहीस, मग आत्ताच कुठे घोडं अडलंय? (हलकेच घे गं.) पुढल्या महिन्यात नवी मॉडेलं येतील, आमच्या ऑफिसातून सवलतही मिळेल. तुला शोभेलसा मी शोधतो.

आईला नमस्कार. एवढ्यात येणं जमत नाही, हिला प्रवास सोसत नाही.

कृपादृष्टी कमी होऊ देऊ नये.
तुझा,
धाकटा

२७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

न राहवून दुकानात जाऊन आले. विक्रेता मान वळवून बोलत होता, म्हणजे ओठ वाचायचीही सोय नाही. मी कागद पुढे केला, लिहून द्या म्हटलं, तर तो ओरडायलाच लागला. सगळं दुकान माझ्याकडे बघत होतं. तरी मी निघाले नाही. एकावर दोन ओळी टंकून पाहिल्या. ल उमटला, ळ उमटला. बोटं निवली रे. त्याचं नाव सोबतच्या चिठ्ठीवर आहे. तू हो म्हण, मी दुसऱ्या दिवशी घेऊन येते.

तुझ्या होकाराशिवाय घरात आणलास तर जेवणार नाही, असं आईने बजावलंय. ते मला स्वच्छ ऐकू आलं. संपादकबाईंनी एक काम दुसरीकडे दिलं. पुढचं जाऊ नये एवढीच इच्छा.

मनात जागा असू दे.
तुझी,
ताई

६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चिठ्ठी मिळाली. ते मॉडेल नुसतं वरून देखणं, वर्षाच्या आत रडेल. अजिबात नको.

तुझ्या कामाची मात्र सोय केली. इंग्रजीच्या शिकवण्या सोडल्यापासून ही घरात कंटाळलीच होती आणि माझा जुना लॅपटॉप कपाटात पडून होता. तुझा येईपर्यंत ही तुझी कामं करेल. संपादकबाईंना मीच फोन केला. त्या म्हणाल्या, सुटले. नाव तुझंच राहील. आता तरी भावाला दुवा दे.

आहे तसाच जीव लावावा.
तुझा,
धाकटा

९ एप्रिल

ती. ताईंना,
सा. न.

हे ऑफिसच्या गडबडीत आहेत, म्हणून मीच लिहिते. तुमच्या संपादकबाई फारच गोड आहेत. फोन केला की दोन मिनिटांत काम समजतं, हे त्यांना खूप सोयीचं वाटतं. तुम्हाला कसं सांगावं या संकोचात होत्या, मी म्हटलं, ताई काही परक्या नाहीत. तर या महिन्यापासून काम माझ्याच नावावर आहे.

तुमच्या चिठ्ठीतला तो लॅपटॉप ह्यांनी माझ्यासाठी आणला. खरंच, कळा अगदी लोण्यासारख्या. तुमची पारख चांगली आहे. जुना तुम्हाला पाठवला आहे. थोडा अडखळतो, पण तुम्हाला आता कुठे घाई आहे? आईंना जपा. तुम्ही आहात म्हणून आम्ही निर्धास्त असतो.

आपली माया अशीच मिळत राहो.
आपली,
धाकटी

१८ मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

लॅपटॉप पोचला. अडखळतो, पण चालतो. त्यावर मी पहिला नोकरीचा अर्ज लिहिला. बहिऱ्या मुलींच्या वसतिगृहात राहून त्यांना वाचायला-लिहायला शिकवायचं. त्यांनी मला घेतलं. खोली लहान आहे, एकाच माणसाची.

रविवारी सकाळी आई तुझ्याकडे पोचेल. गाडी ठरवली आहे. चालक धट्टाकट्टा आहे, तो तिला उचलून वरपर्यंत आणेल, पुढचं तुम्ही दोघं बघा. तिला एकटीला ठेवता येत नाही, तेव्हा धाकटीने कामाच्या वेळा तशा ठरवाव्यात. हे घर मी सोडलं. मालकाने दुसऱ्यांना दिलंसुद्धा, त्यामुळे गाडी परत पाठवलीस तर दार दुसरंच कुणी उघडेल.

आईला एवढंच सांगितलं की धाकट्याने बोलावलंय. तिचा चेहरा असा फुलला की मी दुसरीकडे बघितलं. काल बॅग भरताना तिने विचारलं, किती दिवसांसाठी. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. मी तिच्या लुगड्यांच्या घड्या घालत राहिले. तिला वाटलं, मला ऐकू आलं नाही.

माझ्यावर केलास तेवढाच लोभ यापुढे तिच्यावर करावास.
तुझी,
ताई