कालचं धरून चाल

१४ एप्रिल

तीर्थरूप बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

परवा संध्याकाळी सुखरूप पोचले. तुम्ही फिजिओथेरपीच्या बाईंना छळत नसाल अशी आशा आहे. त्यांनी पाय उचला म्हटलं की उचलायचा. खुब्यात किती नंबरचे स्क्रू बसवलेत हे त्यांना ठाऊक नसतं, डॉक्टरांना विचारून झालंय तेवढं पुरे.

बाबा, हॉस्पिटलात दहा दिवस तुमच्या उशाशी बसले होते आणि एक गोष्ट तोंडातून फुटली नाही. तुम्ही बघत असलात की मी विषय बदलायचे. आता समोर नुसता कागद आहे, म्हणून लिहिते.

तुम्ही शनिवारी सकाळी पडलात, चहाच्याही आधी. सापडलात सोमवारी. आणि शनिवारी सकाळी माझ्या फोनवर मेसेज आला होता, बाबा उठले, सहा वाजून दोन मिनिटं. रविवारी आला. सोमवारीसुद्धा आला! तिन्ही दिवस सहा वाजून दोन मिनिटं. जन्मात कधी तुम्ही तीन दिवस एकाच मिनिटाला उठला आहात का? पण मला शंका आली नाही. उलट रविवारी मेसेज वाचून मी हसले, म्हटलं, वा, बाबा शिस्तीत आले. आणि मग पोटभर नाश्ता केला. तेव्हा तुम्ही फरशीवर होतात.

झालं ते असं. आपलं ठरलं होतं की तुम्ही केटली उचललीत की तिच्याखालचा स्विच मोकळा होईल, मी तिथे बसवून दिलेल्या बोर्डावरच्या चिपला ते कळेल आणि ती मला मेसेज करेल. सातपर्यंत मेसेज नाही आला तर मी फोन करायचा. मार्चमध्ये सात वेळा मेसेज आला नाही. सातही वेळा मी कारखान्यात सकाळची पाळी सोडून जिन्यात धावले, फोन लावला, आणि तुम्ही ठणठणीत. म्हणालात, केटली तर उचलली होती, स्विचचंच काहीतरी बिनसलं असेल. मी मान्य केलं. पुढच्या भेटीत स्विच बदलू असं ठरवलं आणि तोवर इथूनच प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली. स्विचकडून काही आलं नाही, तर कालचं धरून चाल. फक्त एक दिवस. दुसऱ्या दिवशीही आलं नाही तर ओरड.

पण पहिल्या दिवशी नुसतं धरून चाललेलं उत्तरच चिप दुसऱ्या दिवशी कालचं खरं उत्तर म्हणून वापरत होती. म्हणजे तिच्या लेखी दुसरा दिवस उजाडलाच नाही. तुम्ही महिनाभर तिथे पडून असतात तरी ती मला रोज सांगत राहिली असती की बाबा उठले.

पंधरा वर्षं मी लिफ्टचे कंट्रोलर बनवते. माझ्या हाताखालच्या पोरांनी अशी ओळ लिहिली असती तर मी त्यांची सालटी काढली असती. पंधरा वर्षांत केली नाही ती चूक मी कुणाच्या बाबतीत केली बघा.

रागावलात तरी चालेल, पण उत्तर लिहा.

तुमची,
खटपटी

२० एप्रिल

चि. खटपटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. वाचून हातपाय गार पडले. एक पाय तसाही गारच आहे म्हणा.

तू ज्या स्विचच्या नावाने खडे फोडलेस, तो मी शिंपीणकाकूंकरवी केटलीखालून काढून आणवला. बिचाऱ्या खालून वर आल्या, हातात कात्री तशीच. पलंगावर बसून मीटर लावून तपासला. शंभरदा दाबला, शंभरदा बोलला. चाळीस वर्षं लोकांचे रेडिओ दुरुस्त केलेत, मला स्विच कळतो. तो धडधाकट आहे. तो कधी बिघडलाच नव्हता.

आता ऐक, आणि काय शिव्या द्यायच्या त्या दे. ते सात दिवस मी केटली उचललीच नाही. पातेल्यात चहा केला.

तुझी आई होती तेव्हा तू दर रविवारी फोन करायचीस. ती गेल्यावरही करायचीस. बोर्ड बसला आणि फोन थांबला. तुझा दोष नाही. बाप उठलाय हे सकाळी सहालाच कळल्यावर रविवारी विचारायचं काय उरतं? मार्चच्या पहिल्या आठवड्यात केटलीत क्षार साठला होता म्हणून खरोखरच पातेलं घेतलं, आणि सातला तुझा फोन. काय तो आवाज! पाळी सोडून आली होतीस तरी पंधरा मिनिटं बोललीस. दात घासले का तेही विचारलंस. मला चटकच लागली. दोन-तीन दिवस कळ काढायचो, मग पुन्हा पातेलं. लांडगा आला रे आला करणाऱ्या त्या पोराला मी तुझ्या लहानपणी मूर्ख म्हणायचो.

एक गोष्ट तुला कधीच सांगणार नव्हतो. पण तू सगळं लिहिलंस, तर मी कशाला झाकून ठेवू? शनिवारी पडलो तेव्हा मी घाबरलो नाही. टेबलावरची पाण्याची बाटली माझ्याबरोबरच खाली आली होती, ती जवळ ओढली. मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला. मनाशी हिशेब केला, आज केटली उचलली जाणार नाही, म्हणजे सातला पोरीचा फोन येणार. मी उचलणार नाही, मग ती काकूंना कळवील. एक तासाचा प्रश्न आहे. भिंतीवरच्या घड्याळाने सातचे ठोके दिले. मग साडेसातचा. मला वाटलं, जिन्यात पोचली नसेल अजून.

आठ वाजल्यावर, बाटलीबरोबरच खाली पडलेल्या स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने फरशी ठोकायला लागलो. पुढचं तुला ठाऊकच आहे. काकूंना वाटलं, माझं नेहमीचं काम चाललंय. शनिवार-रविवार त्यांनी दात खाऊन सोसलं, आणि सोमवारी भांडायला वर आल्या.

तेव्हा स्वतःला बोल लावून घेऊ नकोस. तुझ्या ओळीला कारण मी दिलं. जेवत जा.

आशीर्वाद आहेतच, आज जरा शरमेने देतोय.
बाबा

२५ एप्रिल

तीर्थरूप बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र जिन्यात वाचलं, ज्या जिन्यातून तुम्हाला फोन करायचे तिथेच. वाचून झालं तरी पायरीवरच बसून होते. आमच्या स्टोअरवाल्या मावशी पाणी घेऊन आल्या, त्यांना वाटलं घरी कोणी गेलं.

आधी भयंकर संताप आला. बाबा, तुम्ही! लहानपणी तुमच्या रेडिओच्या सामानातला एक रेझिस्टर विचारल्याशिवाय घेतला तर दिवसभर अबोला धरणारे तुम्ही, सात वेळा माझ्याशी धडधडीत खोटं बोललात! तुम्हाला फोन हवा होता तर फोन कर म्हणायचं होतं. एवढे दोन शब्द जड झाले? पण चिडू तरी कोणावर? आपलेच दात, आपलेच ओठ.

संध्याकाळी घरी येऊन फोनमधली यादी काढली. बोर्ड बसवल्यापासून एप्रिलपर्यंत मी तुम्हाला किती फोन केले ते बघितलं. सात. बाबा, फक्त सात! आपणहून केलेला एकही नाही. मला वाटत होतं मी मधूनमधून करतेच. शपथेवर सांगितलं असतं कोणालाही. यादी तीनदा वरखाली करून पाहिली, की एखादा रविवार सापडेल.

मी त्या स्विचला खराब ठरवलं, कारण तो सोडून दुसरं काही खराब असेल असं मला सुचलंच नाही. आणि तुम्ही साडेसातलाही म्हणत होतात की मी अजून जिन्यात पोचले नसेन. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचतेय.

बोर्ड फेकून द्या. मला तो नको. रविवारी फोन करते, आणि दर रविवारी करीन. पण आता माझ्या बोलण्यावर तुम्ही का विश्वास ठेवावा, हेही मला कळत नाही.

तुमची,
खटपटी

१८ मे

चि. खटपटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तीन रविवार फोन आले, पोचले. तिसऱ्या वेळी तू गप्पच जास्त होतीस, तेही चाललं.

बोर्ड फेकलेला नाही. बोर्ड फेकायला मी काय तुझ्यासारखा मोठ्या कारखान्यात नोकरीला आहे? सोबतच्या खोक्यात तो परत पाठवतोय. तू कपाटात ठेवून गेलेल्या डब्यात आणखी तीन होते, आणि चिपला प्रोग्रॅम शिकवायचं नवशिक्यांसाठीचं एक पुस्तकही. पलंगावर पाट घेऊन बसलो. दोन जाळले. एकदा वीज उलटी जोडली, एकदा का जळला ते अजून कळलं नाही. काकू म्हणाल्या, पाय मोडला तरी खोड मोडली नाही. तिसरा चालला, तो माझ्या उशाशी बसवलाय. रेडिओवाल्याला या वयात चिप वळवता आली, याचं कौतुक करायला विसरू नकोस.

तर हा तुझा बोर्ड आता तुझ्या केटलीखाली बसव. स्विच तोच आहे, चांगला आहे. तू सकाळी केटली उचललीस की माझ्या उशाशी हिरवा दिवा लागेल. तू तिकडे एकटी असतेस, उठलीस की नाही हे मला कोण सांगणार? इतके महिने एकट्या माझ्यावरच पहारा होता, हे मला पहिल्यापासून खटकत होतं.

तुझी ती ओळ मी ठेवलेली नाही. नाही आलं म्हणजे नाही आलं, दिवा लागणार नाही. सातपर्यंत वाट बघीन आणि फोन करीन. मोबाईल आता उशाखाली असतो.

आणि एखाद्या दिवशी तुला अगदीच वाटलं, तर केटली उचलू नकोस. पातेल्यात चहा कर. मी स्विचला नावं ठेवणार नाही.

पाय हळूहळू टेकतोय, आशीर्वाद मात्र दोन्ही पायांवर उभे आहेत.
बाबा