प्लॅट नदीवरचा हळदीचा डाग

एर्लांगेन, रविवार

प्रिय ऊर्मिला,

'प्रिय' सवयीनं लिहून गेले. खोडणार होते, पण पेन शाईचं आहे आणि कागद चांगला आहे, म्हणून राहू दे. अठ्ठावीस वर्षांत तुला पहिल्यांदाच हातानं पत्र लिहितेय. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर तू दोन निळ्या खुणा दाखवून गप्प बसली असतीस, आणि फोन केला असता तर मी ओरडले असते. पत्राचं बरं असतं, समोरच्याला मध्ये बोलता येत नाही.

आधी तुझ्या कंबरेची चौकशी. कशी आहे कंबर? मार्चमधले ते तीन आठवडे तिला मानवले ना? 'ऑस्टसे समुद्राच्या काठावर कंबरेच्या उपचारांचं रेहा-क्लिनिक आहे गं, फोनसुद्धा जमा करून घेतात, शिस्त फार,' असं तू म्हणालीस आणि मी विश्वास ठेवला, कारण या देशात शिस्तीच्या नावावर काहीही खपतं. मी तर चारचौघांत तुझं कौतुक केलं, की बघा, ड्रेस्डेनच्या चिपच्या कारखान्यात वाकून वाकून धनुष्य झालेली आमची ऊर्मिला शेवटी स्वतःकडे लक्ष द्यायला लागली. तुझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी कुटली, क्लिनिकचा पत्ता मागितला, तर म्हणालीस बाहेरचं खाणं चालत नाही. ती चटणी मग यशवंतनं संपवली. संपवताना नवरा माझ्याकडे बघत का नव्हता, हे मला आत्ता कळतंय.

तुला पकडलं कुणी, सांगू? आमच्या तळमजल्यावरच्या फ्राउ लिंडनरनी. अख्ख्या इमारतीची पार्सलं सांभाळणाऱ्या त्याच. आमची इरा लहानपणी शाळेतून आली की मी ऑफिसातून परतेपर्यंत त्यांच्याकडे असायची, त्यामुळे आपण तिची निम्मी आई आहोत असं त्या समजतात. गेल्या मंगळवारी पार्सल घ्यायला गेले, तर पोस्टकार्ड हातात धरूनच दार उघडलं. 'इरानं पाठवलंय. पण हे धुरांडं कसलं? तिकडे कारखाने आहेत का?' मी अगदी तोऱ्यात सांगायला लागले, की हा कारखाना नव्हे, हा चिमनी रॉक, पश्चिम नेब्रास्कातला सुळका, बैलगाड्या घेऊन ऑरेगनकडे निघालेले लोक याला बघून वाट ओळखायचे. भाषण संपलं आणि कार्ड उलटलं. इराचं गोल अक्षर, क्रौंच पक्षी लाखांनी आले होते, सगळं फार छान, वगैरे. आणि खाली वेगळ्या पेननं, 'ऊर्मिलाकडूनही खूप शुभेच्छा.'

जर्मनीत वाढलेली मुलगी आईशी खोटं बोलेल, पण शेजारणीला पोस्टकार्ड पाठवायचं चुकवणार नाही. आणि तूही इतकी इथली झालीस, की पुढ्यात कार्ड आल्यावर सही ठोकून मोकळी. चोरी करायची आणि हजेरीपटावर सही करून यायचं! फ्राउ लिंडनर म्हणाल्या, 'किती छान, मावशी भेटायला गेली.' मी म्हटलं, 'गेनाऊ, अगदी बरोबर.' दुसरं काय म्हणणार?

बरं, गेलीस तर गेलीस. पण नेब्रास्का? अगं, पॅरिसला गेली असतीस माझ्या नकळत, हवाईला गेली असतीस, मी चकार शब्द काढला नसता. नेब्रास्का आपलं होतं ना? विद्यार्थ्यांच्या वोनहाइममधल्या त्या सामायिक स्वयंपाकघरात, फ्रीजच्या बाजूला, आपल्या आधीचा कुणी अमेरिकन पोरगा तो नकाशा चिकटवून गेला होता. फेब्रुवारीतला बर्फ, बाहेर चिटपाखरू नाही, आणि आपण दोघी वरण शिजेपर्यंत नेब्रास्का फिरायचो. माझ्या डोळ्यांना तुझी ओढणी, हातात पळी, पळीचा दांडा ज्या काउंटीवर टेकेल तिथली माहिती पुढच्या रविवारपर्यंत वाचनालयातून काढायची. त्र्याण्णव काउंट्या! कोकणातले तालुके आपल्याला येत नव्हते, पण चेरी काउंटीत माणसांपेक्षा गुरं किती जास्त, हे पाठ होतं. त्या राज्याच्या विधिमंडळाला एकच सभागृह आहे हे कळल्यावर तू म्हणाली होतीस, 'शुभे, म्हणजे भांडण मिटवायला दुसरीकडे जायची सोयच नाही.' आणि पन्नाशी झाली की दोघींनी मिळून जायचं, प्लॅट नदीवर मार्चमध्ये क्रौंच उतरतात ते बघायचे, हे ठरलं होतं. तुझी पन्नाशी झाली तेव्हा प्रोजेक्ट होतं, माझी झाली तेव्हा सासूबाई इथे होत्या. मी वाट बघत होते. तू बघत नव्हतीस, एवढंच.

तो नकाशा पुढे इराच्या खोलीत गेला. अंथरुणातून पहिली नजर त्यावरच पडायची तिची. भूजल शिकायला जगभरची विद्यापीठं मोकळी असताना पोरीनं नेब्रास्कातलं लिंकन निवडलं, तेव्हा मला काय वाटलं होतं ते तुला माहीत आहे. फोनवर रडले होते तुझ्याकडे. तुलाच.

आता मंगळवारचं पुढचं. वर आले आणि यशवंतला कार्डाबद्दल विचारलं. तो म्हणाला, 'आल्झो... म्हणजे... मला वाटलं तुला एव्हाना कळलं असेल.' तीस वर्षं यंत्रांतले दोष शोधणारा माणूस, आणि वाक्य हे! जानेवारीपासून ठाऊक होतं त्याला. ताटाला ताट लावून जेवत होता. मग इराला फोन लावला. मी मराठीत विचारत होते, ती जर्मनमध्ये उत्तरं देत होती, नेहमीसारखीच. नोव्हेंबरपासून प्रयोगशाळेत गेली नव्हती. खोलीतून बाहेर पडत नव्हती. दिवसचे दिवस पडदे लावून पडून. मला का नाही सांगितलंस, असं मी ओरडले, तेव्हा तिनं एकच वाक्य मराठीत टाकलं, आणि माझी खात्री आहे की ते तिनं जपून ठेवलं होतं. 'कारण तू लिहिशील.'

ऊर्मे, मी पाच रात्री त्या वाक्याशी भांडतेय. मराठी मंडळाच्या दिवाळी अंकातला माझा लेख तुला पाठ असेल. 'कन्या गेली मक्यात.' संपादक राजाभाऊंनी गेर्लिंगेनहून फोन करून सांगितलं होतं, 'वहिनी, अंक तुमच्या लेखावर उठलाय.' न्यूर्नबर्गच्या कार्यक्रमात मी तो वाचून दाखवला. तीनशे माणसं हसत होती. नेब्रास्कातल्या त्या एका वस्तीची लोकसंख्या एक, महापौरही तीच आणि ग्रंथपालही तीच, तरी आपल्या मंडळापेक्षा तिथला कारभार सुरळीत, यावर तर राजाभाऊ स्वतः टाळ्या वाजवत होते. भंगार गाड्यांना राखाडी रंग फासून, उभ्या पुरून स्टोनहेंज बनवणाऱ्यांची मी खिल्ली उडवली. आणि सगळ्यात मोठा हशा कुठे आला, ते तू तिसऱ्या रांगेतून बघितलंस. ऑक्टोबरमध्ये इरा फोनवर म्हणाली होती, 'आई, इथे आकाश फार मोठं आहे, मला भीती वाटते.' मी त्यावर दीड पान लिहिलं. दोन खोल्यांच्या घरात वाढलेली, छपराची सवय असलेली, आकाश अंगावर येतं म्हणून रडणारी आमची संशोधक. विनोद चांगला होता, हे मी आजही म्हणेन. यशवंत पहिल्या रांगेत फोन उंच धरून उभा होता, इराला तिकडे दिसावं म्हणून. ती हसली. मी बघितलं, ती हसत होती. त्यानंतरच्या आठवड्यात तिनं प्रयोगशाळा सोडली.

तू मात्र हसली नव्हतीस. हे मला तेव्हाही दिसलं होतं आणि मी म्हटलं, ऊर्मिलाला विनोद उशिरा कळतो.

पण दर रविवारी फोन यायचा गं! हे मला समजून घे. दर रविवारी ती मला भरभरून सांगायची. लिंकनच्या विधानभवनावर बी पेरणाऱ्या शेतकऱ्याचा पुतळा आहे. वाळूच्या टेकड्या वरून कोरड्या, फक्त गवत, पण पोटात अथांग पाणी. झाडं लावायचा सण याच राज्यात सुरू झाला. आणि जानेवारीत एकदा म्हणाली, 'कार्नीच्या जवळ प्लॅट नदी पिवळी दिसते, अगदी हळदीसारखी.' मला वाटलं पोर रमली, फिरतेय, बघतेय. मी टिपणंसुद्धा काढून ठेवली, यंदाच्या अंकासाठी.

परवा तिच्या खोलीत जाऊन नकाशासमोर उभी राहिले. चारी कोपऱ्यांत छापील चित्रं आहेत ना? पेरणाऱ्याचा पुतळा, टेकड्या, झाड लावणारी मुलं. जे तिनं सांगितलं ते सगळं तिथं आहे. आणि कार्नीच्या बाजूला नदीवर आपला डाग. मी फोडणीची पळी हातात घेऊन काउंटी शोधायला गेले होते, आणि तू ओरडली होतीस, 'अगं, आधी पळी धू!' तो. पोरीनं खोलीबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. लहानपणीची भिंत डोळ्यांसमोर आणून ती मला रविवारचा रतीब घालत होती, आणि मी, जिला म्हणे माणसांतलं खोटं लांबून दिसतं, मी ते टिपून घेत होते. हळदीसारखी नदी ही थाप होती, की आई ओळखते का बघू, म्हणून टाकलेला दोर होता? विचारायची माझी छाती नाही.

म्हणून मी तुला माफ केलं असं समजू नकोस. तिनं सांगू नको म्हटलं, तू शब्द पाळलास, ठीक. पण तू मला दोन वाक्यं सांगू शकत होतीस. 'शुभा, लिहिणं थांबव. पोरीला फोन कर.' तुझ्यावर कधी काही लिहिलं का मी? (लिहिलं. चार वेळा. ते धनुष्य धरून पाच.) मी तोंडाची फटकळ आहे, पण तुझी मैत्रीण होते ना? तुम्ही तिघांनी मला घरातलं माणूस सोडून वर्तमानपत्र ठरवलंत. सगळ्यात जास्त हे लागलंय. आणि तुम्ही चूक ठरवलंत असं सिद्ध करायला माझ्याकडे पुरावा नाही, हे त्याहून जास्त.

राजाभाऊंना काल कळवलं की यंदा माझी पानं दुसऱ्या कुणाला द्या. 'अहो वहिनी, लोक नेब्रास्का भाग दोन विचारतायत,' म्हणाले. मी म्हटलं, लोकांना ड्रेस्डेनला पाठवा, तिथली एक बाई नेब्रास्काला जाऊन आली आहे.

आता पत्राचं कारण. इरा पुढच्या शनिवारी सकाळी साडेसहाला फ्रांकफुर्टला उतरतेय. तिनं बापाला सांगितलंय की न्यायला ऊर्मिलामावशी येईल आणि ती सरळ ड्रेस्डेनला जाईल. एर्लांगेनचं नंतर बघू. म्हणजे तिनं घर निवडलंय, आणि ते तुझं आहे. एर्लांगेन तुझ्या सरळ वाटेत पडत नाही, मला नकाशे कळतात. तरी वाट वाकडी करून आदल्या संध्याकाळी येशील का? आधी तिला विचार. ती नको म्हणाली तर येऊ नकोस, आणि कारण कळवू नकोस. हो म्हणाली, तर मी मागच्या सीटवर बसेन. वहीपेन घरी ठेवेन, यशवंतला खिसे तपासायला सांग हवं तर. ड्रेस्डेनपर्यंत गप्प बसायची माझी तयारी आहे. तू हसत असशील, पण मी या आठवड्यात सराव करतेय. यशवंत घाबरलाय. आणि प्लॅट नदी खरी कुठल्या रंगाची आहे, ते तू बघून आलीस. मला सांगू नकोस. तिला कधी सांगावंसं वाटलं, तर तिच्याकडूनच ऐकेन.

तुझीच, आणि अजून तितकीच चिडलेली,
शुभा