गव्हाणीतल्या भाकरी

प्रिय मोहिनी,

पत्र पाहून तुला नवल वाटेल. काल चार वेळा फोन लावला. तीनदा तू उचलला नाहीस, चौथ्यांदा म्हणालीस, "अक्का, शूट चालू आहे, नंतर बोलते." म्हणून हिंगोलीच्या दवाखान्यात बसून अंगणवाडीच्या वहीच्या पानांवर लिहून राहिले. आपली रेणू इथं भरती आहे. घाबरू नकोस, असं लिहायला हवं. पण मीच इतकी घाबरले आहे की तसं लिहवत नाही.

परवा शाळेत प्रार्थनेला उभी असताना ती कोसळली. डॉक्टरबाईंनी वजन केलं. पंधरा वर्षांची पोर, एकतीस किलो. अंगणवाडीत मी दुसऱ्यांची लेकरं तोलते गं. कुणाचं पाव किलो घटलं तरी त्याच्या आईला बोलावून रागावते. माझ्या पोटची पोर मला दिसली नाही.

दिवाळीत तू साखऱ्याला आमच्याकडं आलीस, तेव्हा शेळ्यांच्या वाड्यात तुम्ही दोघींनी रील केली. टाकायच्या आधी तू मोबाइलवर तिचा रंग उजळलास, गाल आत घेतलेस, कंबर बारीक केलीस. प्रेमानंच केलंस, मला ठाऊक आहे. मीही ती स्टेटसला ठेवून मिरवली. तुझ्या रीलखाली लोकांनी "भाची तर हिरोईन" असं लिहिलं. सुट्टी संपून ती शाळेत गेली, तर वर्गातल्या पोरी म्हणाल्या, "व्हिडिओत कोण होती गं? तू तर न्हाईस." हे तिनं मला काल सांगितलं, भिंतीकडं तोंड करून.

त्यानंतर ती आरशावर टॉवेल टाकायला लागली. फोनवर नुसत्या बारीक पोरी. एकीला पाहिलं की तसल्याच दहा पुढं येऊन उभ्या. जेवायला बोलावलं की म्हणायची, मैत्रिणीकडं जेवले, शाळेत डबा खाल्ला. एके दिवशी शेळ्यांच्या गव्हाणीत भाकरीचे तुकडे सापडले. मी सासूबाईंवर ओरडले, "तुमी अन्न काहून जनावराला घालता?" म्हातारी रेणूकडं पाहत राहिली. तिला कळलं होतं. मी ऐकायला थांबले असते तर मलाही कळलं असतं.

तुझ्या दाजींनी परवाच तिचा फोन दगडावर आपटला. त्यानं काय होणार? काल सकाळी वाटीभर वरण-भात घेऊन ते तिच्या खाटेपाशी बसले. "खा गं माय, बापाकडं बघून खा," म्हणाले आणि सगळ्या वॉर्डासमोर रडले. तिनं चार घास घेतले. आम्हाला वाटलं, जिंकलो. मी वाटी धुवायला गेले तर ती मोरीत वाकलेली, अन् सगळं बाहेर. डॉक्टरबाईंनी तिला जवळ घेऊन हळूच विचारलं, "बेटा, हे कुठं शिकलीस?" ती म्हणाली, "मावशी पण असंच करती. दिवाळीत मी बघितलं. म्हणून तर ती इतकी भारी दिसती."

मोहिनी, तो आवाज मीही ऐकला होता. माझ्या हातच्या करंज्या खाऊन तू न्हाणीत गेलीस, आणि मी बाहेर भांडी जोरात घासली, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. आई गेली तेव्हा तू सहा वर्षांची होतीस; तुला मी भरवलंय. तरीही मी तुला विचारलं नाही. पाहुणी आलेली बहीण रुसून जाईल, याची भीती वाटली. मी तेव्हा तोंड उघडलं असतं तर कदाचित दोघींचं काही वेगळं झालं असतं. डॉक्टरबाईंना काल मी तुझंही सांगितलं. त्या म्हणाल्या, "तिलाही आणा, उशीर करू नका." म्हणून दाजींना हे पत्र देऊन पाठवलं आहे. तू वाचशील तेव्हा ते तुझ्या दारातच उभे असतील. त्यांना काही विचारू नकोस, त्यांच्यानं बोलवणार नाही. आहेस तशी त्यांच्यासोबत नीघ. रेणूची समजूत घालायला बोलावते आहे, असं समजू नकोस. तिच्या शेजारची खाट मी तुझ्यासाठी मागून ठेवली आहे. मला माझी दोन्ही लेकरं पाहिजेत.

वाट बघून राहिलेली,
तुझीच
गोदाअक्का