कुलूप दिसतं ना, मग लिही

बडनेरा,
४ एप्रिल २०१८

प्रिय सुभद्रा,

धामणगावला माहेरी तुझं नि तुझ्या लेकीचं, आचलचं, बरं असेल. मी शाळेत शिकवून येते, वेळेवर जेवते, पण कशाचं काही वाटत नाही. वर्षभराने आठवण झाली का, म्हणून तू नाक मुरडशील. मुरड.

अमरावतीच्या कॉलेजपासूनची मैत्रीण म्हणून माझ्या 'मनातलं' या वेबसाइटचं कौतुक तुलाच जास्त. बायांनी नाव न देता लिहायचं, मी उत्तर द्यायचं. साइट सारखी बंद पडायची, म्हणून मी ती साइटी सांभाळणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या आडोशाला नेली. फुकट होतं. मग येणारं-जाणारं सगळं आधी त्यांच्याकडून जाऊ लागलं. तुझे भगवंतराव फवारणीचं औषध पिऊन गेले, त्यानंतर तू विचारलंस, "कोनी वाचत तं नाई ना?" मी म्हटलं, वर साइटच्या पत्त्याशेजारी कुलूप दिसतं ना, मग बिनधास्त लिही. तू लिहिलंस, गावाच्या आणि त्यांच्या नावासकट. नवरा गेला, मले रडू आलं नाई, मोकळं वाटलं.

माझे अब्बा इथे रेल्वेच्या डाकेत पत्रांची वर्गवारी करायचे. थैली उघडायचे, पाकीट कधीच नाही. ही कंपनी पाकीटही उघडायची. कुलूप त्यांच्या दारापर्यंतच. आत सगळं उघडं, मग पुन्हा बंद करून माझ्याकडे. मला ठाऊक होतं. तुला सांगत बसले नाही.

पुढे त्यांच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि आमच्याकडचा मजकूर भलत्याच साइटांवर सांडला. तुझ्या दिराने अनुदानाच्या यादीसाठी गावाचं नाव नेटवर शोधलं, तर तुझेच शब्द वर आले. सासूबाईंनी तुला आचलसकट घराबाहेर काढलं. तुझा मोबाइल नणंदेच्याच हाती असायचा, म्हणून तू तिच्यावर, सत्यभामेवर, आळ घेतलास. भगवंतराव गेले त्या महिन्यात तीच तुझ्या उशाशी बसून होती. कंपनीचा खुलासा मला तेव्हाच आला होता. मी गप्प बसले.

परवा सत्यभामा माझ्याकडे आली. म्हणाली, "म्या वैनीचं काई वाचलं नाई, आचलची शपथ. तुमीच सांगा ना तिले." मी चहा केला, सांगते म्हटलं. ती माझेच आभार मानून गेली. तेव्हाही मला काही वाटलं नाही, आणि त्याचीच भीती वाटली, म्हणून हे पत्र. सुभद्रा, तिने नाही, मी. आधी तिला फोन कर. मला उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

म्हणवून घ्यायला तोंड नाही, तरी तुझीच,
अनीसा