गौरी तिथे काय बोलते?

मंगळवार, संध्याकाळ. सेक्टर २२, खोलीवर

यात नक्की काहीतरी गोम आहे. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत कुणी नाव विचारलं तरी आईकडे बघणारी माझी गौरी थेरपीला अनोळखी लोकांत गोल बसून मनातलं बोलते. आणि कॉलेज सोडल्यापासून दिवसभर बडबडणारा मी त्याच थेरपिस्ट मॅडमसमोर एकटा! त्या तर तोंडही उघडत नाहीत. बोलक्या माणसाला गट, अबोल माणसाला एकांत, असं हवं ना? "अदलाबदल झाली का?" विचारलं, तर नुसत्या हसल्या. का हसल्या?

गटात कुणीतरी आहे. आज सेक्टर १७ मध्ये मॅडमच्या क्लिनिकचा जिना उतरताना गौरीही हसत होती. माझ्यासोबत कधी हसते अशी?

"कोण आहे तो?" मी तिथेच विचारलं.

ती इथेच वाढलेली, मराठी समजते पण उत्तर हिंदीत. "पागल है क्या? वहाँ एक तकिया है. जिसके हाथ में तकिया, वही बोलेगा. बाकी सब चुप."

उशी! उशी धरून कुणी एवढं हसतं?

"मग माझ्याबद्दल काय बोलतेस?"

"यही, कि तू..."

"माहितीये मला!" म्हणालो, आणि तिला झिरकपूरची ऑटो मिळेपर्यंत मीच बोलत राहिलो.

काय डोंबल माहितीये? ती सांगतच होती. ऐकायची भीती वाटली मला.